आमची लाईट लागर चाखताना

परळच्या आमच्या ब्रुअरीत पहिल्यांदा येणारे बरेच जण लाईट लागरचा, म्हणजे थंडीत सावकाश बनवलेल्या आमच्या हलक्या बिअरचा, पहिला घोट घेतात आणि म्हणतात, पाणचट आहे हो. वाईट वाटतं, पण समजतंही, कारण इतकी वर्षं आपण सगळ्यांनी स्ट्राँगच प्यायलीय, ८ टक्क्यांपर्यंतची, आणि तीही बर्फासारखी गार करून, मग ४ टक्क्यांची हलकी बिअर जिभेला जाणवणार कशी? तरी आमचं ठाम मत आहे की ब्रुअरी कशी आहे ते बघायचं असेल तर तिची सगळ्यात साधी बिअर मागवावी. आयपीए नावाच्या कडवट बिअरमधे हॉप्सचा, म्हणजे कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा मारा असतो, स्टाउट या काळ्या बिअरमधे भाजलेल्या माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, कॉफीसारखा जोर असतो, त्यात बारीकसारीक चुका खपून जातात. लाईट लागरमधे काहीच खपत नाही. वरणभातासारखं आहे, मीठ जरा इकडेतिकडे झालं की पहिल्या घासालाच कळतं.

बार्लीच्या माल्टसोबत आम्ही यात थोडा तांदूळ घालतो. तांदूळ म्हटलं की काहींना भेसळ वाटते, तसं नाहीये, तांदळातून यीस्टला साखर मिळते पण चवीला जडपणा येत नाही म्हणून बिअर हलकी राहते, आणि तो आधी वेगळा शिजवून घ्यावा लागतो म्हणजे आमचं काम वाढतंच. पाणी महापालिकेचंच. तलावाचं पाणी असल्यामुळे बोअरिंगपेक्षा बरंच मऊ असतं, फक्त क्लोरीन काढण्यासाठी कार्बन फिल्टरमधून घेतो, नाहीतर बिअरला दवाखान्यासारखा वास येतो.

खरा खर्च वेळेचा आहे. लागरचं यीस्ट थंडीत काम करतं, १० ते १२ डिग्रीला, आणि सावकाश करतं. मग दोन-तीन दिवस टाकी १६ डिग्रीपर्यंत चढू द्यायची, त्यानंतर शून्याच्या आसपास नेऊन चार आठवडे हात लावायचा नाही. लागर हा शब्दच जर्मनमधल्या साठवून ठेवण्यावरून आलाय. बाहेर परळला मे महिन्यात ३४ डिग्री आणि आत टाकी शून्यावर, गार ठेवणारं चिलर मशीन दिवसरात्र चालू. तेवढ्या वेळात एल, म्हणजे कमी थंडीत लवकर तयार होणारी बिअर, दोनदा बनवून झाली असती. दोन्हीचा भाव सारखा का, असं विचारतात, त्याचं उत्तर हे आहे.

आता चाखायचं. ग्लास समोर आला की आधी फेस बघा, दोन बोटं तरी हवा आणि लगेच बसायला नको. मग ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसलेत का ते बघा, बसले असतील तर तिथे तेल नाहीतर साबण राहिलाय, म्हणजे ग्लास नीट धुतलेला नाही, सरळ परत करा. फ्रीजरमधला पांढरा पडलेला मग मागू नका प्लीज, आम्ही तो ठेवतच नाही. इतक्या थंडीत जीभ बधिर होते आणि वास वरच येत नाही. आम्ही ५-६ डिग्रीला देतो, त्यातही पहिले दोन घोट घेऊन झाले की ग्लास तळव्यात धरून दोन मिनिटं थांबा आणि मग छोटे छोटे वास घ्या. ताज्या पावाचा, थोडा गवताचा वास आला पाहिजे. वाईन चाखणारे थुंकतात तशी थुंकायची नाही, गिळायची, कारण बिअरचा कडवटपणा घशाशी जास्त कळतो. आपल्या लागरमधे तो हलका असावा, लगेच निघून जावा आणि पुढचा घोट घ्यावासा वाटावा.

दोष ओळखायला शिकलात तर आम्हाला फार आवडेल. उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास आला तर उकळण्यात नाहीतर नंतर थंड करण्यात गडबड झालीय. कच्च्या हिरव्या सफरचंदासारखी लागली तर बहुतेक टाकीतून लवकर काढलीय. पावसात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लागली तर हवा लागून शिळी झालीय. आणि ऊन! दुपारी आलात तर अर्धी बिअर दुसऱ्या ग्लासात ओतून खिडकीतल्या उन्हात दहा मिनिटं ठेवा, अर्धी सावलीत ठेवा, मग दोन्हींचा वास घ्या. उन्हातलीला गंधकी, कुजकट वास येतो, काहींना हिंग आठवतो. उजेडाने हॉप्समधला कडू घटक मोडतो म्हणून हे होतं, आणि म्हणूनच तपकिरी बाटली बरी, पारदर्शक नको.

गेल्या पावसाळ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरच्या एका ताईंनी ग्लास परत पाठवला, म्हणाल्या थेटरातल्या बटर पॉपकॉर्नसारखा वास येतोय. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, नाही मॅडम, अशीच असते. आमच्या ब्रुअरने तो ग्लास दोन्ही हातांत धरून गरम केला, वास घेतला आणि काही न बोलता टाकीकडे गेला. ताई बरोबर होत्या. शनिवार-रविवारसाठी माल कमी पडेल म्हणून आम्ही टाकी दोन दिवस आधीच गार केली होती, ते १६ डिग्रीवरचे दिवस यीस्टला मिळालेच नाहीत, आणि तो लोण्याचा वास यीस्टने परत शोषून घ्यायचा असतो तो तसाच राहिला. ५०० लिटर ओतून दिली. आताच्या चेक प्रजासत्ताकातल्या पिल्सेन शहरातल्या लोकांनी १८३८ मधे खराब बिअरची पिंपं अशीच भर चौकात ओतली होती, त्यातूनच नवी ब्रुअरी उभी राहिली आणि १८४२ मधे योसेफ ग्रोल या ब्रुअरने तिथे पहिली सोनेरी लागर बनवली. आजही जगातल्या बहुतेक फिक्या लागर तिच्याच वळणाच्या आहेत.

चकणा नंतर. मसाला शेंगदाणे आधी खाल्ले तर तिखटाने जीभ भाजते आणि बिअरमधल्या गॅसने अजून चरचरते, म्हणून पहिला ग्लास साध्या पावाबरोबर किंवा कुरमुऱ्यांबरोबर घ्या. दुसऱ्याला बोंबील फ्राय मागवा, रव्याचा कुरकुरीत, त्याचं तेल ही बिअर छान कापते.

वय २१ पूर्ण हवं आणि परमिट लागतं, काउंटरवर एक दिवसाचं मिळतं. गाडी आणली असेल तर चाखणं दुसऱ्या दिवशी ठेवा.

काउंटरमागच्या फळ्यावर आज कुठल्या टाकीची लागर चालू आहे तो नंबर आणि ती टाकीत किती दिवस होती ते खडूने लिहिलेलं असतं. काही खटकलं तर तो नंबर सांगून बोला, ग्लास अर्धा संपलेला असला तरी बदलून देऊ, आणि ब्रुअर असेल तर त्यालाच बोलावून घ्या, त्याला तुमच्या तोंडून ऐकायचं असतं.