‘यंत्राला कुठला आलाय भेदभाव?’

यंत्राला ना जात ना लिंग, म्हणून ते निःपक्षपाती, हा समज चुकीचा आहे. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी स्त्री की पुरुष हे चेहऱ्यावरून ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली १,२७० चेहऱ्यांवर तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चुका जास्तीत जास्त ०.८ टक्के, गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत. एकूण अचूकता मात्र छान दिसत होती. मेख तिथेच आहे: एकूण आकड्यात एका गटाच्या चुका लपून जातात.

आठवी-नववीच्या मुलांना हे नुसतं सांगू नका, करायला लावा. फोटो दाखवून संगणकाला ओळखायला शिकवणाऱ्या गूगलच्या ‘टीचेबल मशीन’ या संकेतस्थळाला मांजरांचे ४० आणि कुत्र्यांचे ८ फोटो द्या. मग प्रत्येकी १० नवे फोटो तपासून चुका प्राणीनिहाय वेगळ्या मोजा. त्यांत उभ्या कानांचे छोटे कुत्रे हवेतच. त्यातलं मॉडेल (म्हणजे ओळखण्याचं काम करणारा प्रोग्राम) आधीच बरंच शिकलेलं असतं, सोप्या फोटोंवर ते सहसा चुकत नाही.

“संख्या सारखी करू!” असं मुलं म्हणणारच. करू द्या. पण सगळी मांजरं सोफ्यावर आणि सगळे कुत्रे अंगणात असतील तर यंत्र सोफाच ओळखायला शिकू शकतं. सोफ्यावरचा कुत्रा दाखवून बघा. आणि शिकवतानाचेच फोटो चाचणीला वापरू नका. पेपर फुटल्यासारखे पैकीच्या पैकी गुण पडतील.