धोका वेगळा, जाच वेगळा

माझी भाची नववीत आहे. गेल्या मे महिन्यात तिने स्टेफनी मायरची 'ट्वायलाइट' मालिका, म्हणजे चार जाडजूड पुस्तकं, पंधरा दिवसांत संपवली. त्यांत बेला नावाची साधी मुलगी आहे आणि तिच्यावर प्रेम करणारे दोघे: व्हॅम्पायर एडवर्ड आणि लांडग्याचं रूप घेणारा जेकब. ताटावर बसता बसता तिने मला विचारलं, "मावशी, तू टीम एडवर्ड की टीम जेकब?" माझ्या उत्तराची वाटही न बघता म्हणाली, "मी एडवर्ड. तो एवढा डेंजर असून तिच्यासाठी स्वतःला आवरतो." मी म्हटलं, "आणि बेलाच्या ट्रकचं इंजिन खोलून ठेवतो, त्याचं काय?" घास हातात धरून ती थांबली. मग म्हणाली, "ते काळजीपोटी गं."

तेव्हापासून ते 'काळजीपोटी' माझ्या डोक्यातून जात नाही. व्हॅम्पायर, लांडगे, शापित देवदूत यांच्या ज्या प्रेमकथा किशोरवयीन मुली आवडीने वाचतात, त्यांतला 'बॅड बॉय' नायक मलाही आवडतो, हे आधी सांगते. मीही त्या वाचतच मोठी झाले. पण या नायकाच्या अंगावर लेखक दोन निराळ्या गोष्टी एकदम चढवतात आणि वाचणाऱ्याला त्या एकच वाटायला लागतात. एक धोका आणि दुसरा जाच. मराठीत 'जाच' म्हटलं की आपल्याला सासरचा जाच आठवतो. रोजचा, बारीक, बाहेरच्याला न दिसणारा. मला इथे तोच अर्थ हवा आहे.

धोका त्या मुलाच्या असण्यात असतो. तो रक्त पितो, पौर्णिमेला बदलतो, त्याला शाप आहे. हे त्याने निवडलेलं नसतं, त्याला ते ठाऊक असतं, आणि बरा लिहिलेला मुलगा ते तिला सांगतोही. त्यानंतर जवळ जायचं की नाही, हे ती ठरवते. जाच मात्र वागण्यात असतो. ती कुणाला भेटते, कुठे जाते, काय विसरते, हे तो ठरवतो आणि बहुतेक वेळा तिला न सांगता ठरवतो. ओळखायचं कसं? मी कल्पनेत त्याचे सुळे काढून टाकते. शाप नाही, रक्ताची तहान नाही, तो शेजारच्या गल्लीतला साधा मुलगा आहे असं धरते. मग त्याच्या वागण्यातलं काय काय उरतं ते बघते. धोका सुळ्यांबरोबर जातो, जाच जागच्या जागी राहतो.

एडवर्डवर ही कसोटी लावून बघू. २००५ साली आलेल्या पहिल्या पुस्तकात त्याला बेलाच्या रक्ताची विलक्षण ओढ आहे आणि तो जिवाच्या कराराने ती दाबतो. ओढ आणि ती दाबणं, दोन्ही सुळ्यांबरोबर जातं. पण बेला झोपलेली असताना तिला पत्ता लागू न देता तिच्या खोलीत येऊन तो रात्र रात्र तिच्याकडे बघत बसतो, ते उरतं. तिसऱ्या पुस्तकात, २००७ सालच्या 'इक्लिप्स'मध्ये, ट्रकचा प्रसंग आहे. बेलाला जेकबला भेटायला त्याच्या गावी, ला पुशला, जायचंय. ती ट्रकमध्ये बसून किल्ली फिरवते, तर इंजिन हूं की चूं करत नाही. वळून बघते तो शेजारच्या सीटवर एडवर्ड, हातात इंजिनाचा सुटा भाग. सकाळी शाळेच्या वेळेपर्यंत गाडी नीट करून ठेवीन म्हणतो. वर असंही म्हणतो, की मी आज रात्री यायला नको असेन तर खिडकी बंद ठेव. बेला तणतणत घरात जाते, खिडकी धाडकन लावते आणि थोड्या वेळाने स्वतःच उघडते.

ती उघडलेली खिडकी मी अनेकदा वाचली आहे. मला राग येतो तो ट्रकमुळे कमी आणि या खिडकीमुळे जास्त. माणसं जाच करतात आणि कादंबरीने ते दाखवायलाच हवं. पण इथे खिडकी उघडली की हिशेब मिटला असं धरलं जातं. पुढे एडवर्ड शिकारीला जातो तेव्हा बेलावर नजर ठेवायला आपल्या बहिणीला बसवून जातो आणि त्याबद्दल बहिणीला पिवळी पोर्श गाडी घेऊन देतो. तेही गमतीच्या सुरात येतं. एक मात्र एडवर्डच्या बाजूने सांगायला हवं. याच पुस्तकात तो आपलं चुकलं हे मान्य करतो आणि पुढे स्वतः गाडी चालवत बेलाला ला पुशच्या हद्दीपर्यंत सोडून येतो. हे श्रेय मी लेखिकेला देते. फक्त माझ्या भाचीला ट्रक आठवत होता, 'काळजीपोटी' आठवत होतं, चूक मान्य केलेली आठवत नव्हती.

आता त्रिकोणाकडे येते, कारण ही गल्लत टिकते ती त्रिकोणाच्या जोरावर. दोन मुलं समोरासमोर उभी केली की वाचणारी एकाचं माप दुसऱ्याने काढायला लागते. एडवर्ड ताबा गाजवतो असं वाटू लागतं ना लागतं, तोच जेकब बेलाचं जबरदस्तीने चुंबन घेतो. ती त्याच्या जबड्यावर ठोसा मारते आणि त्यात तिचाच हात दुखावतो. घरी आल्यावर तिचे वडील हे ऐकतात आणि जेकबलाच शाबासकी दिल्यासारखं बोलतात. पुढे लढाईच्या तोंडावर, मी कदाचित परत येणार नाही असं सुचवून जेकब तिच्याकडून दुसरं चुंबन मिळवतो आणि त्याच क्षणी बेलाला कळतं की आपलं याच्यावरही प्रेम आहे. म्हणजे आधी जबरदस्ती, मग धाक, मग बक्षीस. पण एव्हाना सगळ्या जगात प्रश्न एकच ठरलेला असतो: टीम एडवर्ड की टीम जेकब? 'हा की तो' एवढंच विचारायचं असलं की 'हे चालेल का' हे विचारायला कुणी थांबत नाही.

याच पुस्तकांतली एमिली मला सगळ्यात जास्त छळते. लांडग्यांच्या टोळीचा म्होरक्या सॅम, त्याची ती होणारी बायको. तिच्या चेहऱ्याच्या एका बाजूवर नख्यांचे लांब व्रण आहेत. एका क्षणी सॅमचा राग अनावर झाला, तो लांडगा झाला आणि ती फार जवळ उभी होती. गोष्टीच्या नियमांप्रमाणे हा धोका आहे, अपघात आहे, आणि सॅम जन्मभर त्यात होरपळतो. सुळे काढले तर उरतो तो राग आवरता न आलेला पुरुष आणि चेहऱ्यावर व्रण घेऊन सगळ्यांना हसून खायला घालणारी बाई. मला इथे दोन्ही एकाच वेळी दिसतात आणि माझी कसोटी थोडी अडखळते, हे मी मान्य करते. आणखी एक बोचतं. जेकब आणि सॅम ज्या जमातीचे दाखवलेत ती क्विलियूट ही अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातली खरीखुरी आदिवासी जमात आहे, ला पुश हे तिचं खरं गाव आहे. आपण लांडग्यांपासून झालो ही कथा त्यांची स्वतःची आहे, पण रागाच्या भरात लांडगा होणारी मुलं ही कादंबरीने जोडलेली भर आहे. गोऱ्या व्हॅम्पायरांना संयम आणि आदिवासी पोरांना अनावर राग, ही वाटणी मला मुळीच रुचत नाही.

हा नायक कुठून आला ते बघितलं तर एक नवल दिसतं. लोककथांतला व्हॅम्पायर म्हणजे थडग्यातून उठलेलं, फुगलेलं, गावठी प्रेत होतं. त्याला उमरावाचे कपडे घातले जॉन पॉलिडोरीने. पॉलिडोरी हा कवी लॉर्ड बायरनचा डॉक्टर. १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी बायरनच्या बंगल्यात भुतांच्या गोष्टी लिहायची पैज लागली, तिच्यातूनच मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' आली. पॉलिडोरीची 'द व्हॅम्पायर' १८१९ मध्ये छापली गेली, तीही चुकून बायरनच्याच नावावर. तिच्यातला रक्तपिपासू लॉर्ड रुथवेन उघड उघड बायरनवर बेतलेला आहे. रुथवेन हे नावसुद्धा कॅरोलिन लॅम्बच्या १८१६ सालच्या कादंबरीतलं. लॅम्ब ही बायरनने सोडून दिलेली प्रेयसी, आणि त्या कादंबरीत तिने बायरनलाच रंगवलं होतं. थोडक्यात, हा देखणा, थंड, बायकांना भुरळ घालणारा व्हॅम्पायर लिहिला तो बायरनकडून दुखावलेल्या माणसांनी. पॉलिडोरीच्या गोष्टीत त्याचा उद्धार वगैरे होत नाही. ऑब्री नावाच्या तरुणाला त्याचं खरं रूप कळलेलं असतं, पण वर्षभर आणि वर एक दिवस तोंड उघडायचं नाही अशी शपथ त्याच्याकडून घेतलेली असते. तो वेळेवर बोलू शकत नाही, आणि लग्नाच्याच रात्री रुथवेन त्याच्या बहिणीचं रक्त पितो.

एमिली ब्राँटीने तर १८४७ मध्ये या सगळ्याचं उत्तर लिहून ठेवलंय. तिच्या 'वुदरिंग हाइट्स' कादंबरीत इझाबेला हीथक्लिफबरोबर पळून जाते. घराबाहेर पडताना तिच्या डोळ्यांदेखत तो तिच्या लाडक्या कुत्रीला फासावर लटकवतो. नंतर तो स्वतःच तिची टिंगल करतो, की हिने मला प्रेमकथेतला नायक समजून घर सोडलं, कुत्रीचं काय झालं ते बघूनही हिचे डोळे उघडले नाहीत. जाच करणारा माणूस स्वतःच्या तोंडाने वाचकाला सावध करतोय. 'इक्लिप्स'मध्ये बेला हेच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचते. २००९ मध्ये तर एका प्रकाशकाने 'वुदरिंग हाइट्स' नव्या मुखपृष्ठासह काढलं आणि त्यावर 'बेला आणि एडवर्डचं आवडतं पुस्तक' असं छापलं. ते घेतलेल्या किती मुली इझाबेलापाशी थांबल्या असतील, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

'द व्हॅम्पायर डायरीज' या २००९ ते २०१७ चाललेल्या अमेरिकी टीव्ही मालिकेतला व्हॅम्पायर डेमन हा जाचाचा सरळ नमुना, त्यामुळे त्याच्यावर फार वेळ घालवत नाही. पहिल्या सीझनमध्ये तो नायिका एलेनाच्या मैत्रिणीचं, कॅरोलिनचं, रक्त पितो आणि तिच्या मनावर ताबा ठेवून तिला वापरतो. दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला एलेनाने नकार दिला म्हणून तिच्या भावाची मान मोडतो. भाऊ वाचतो तो जादूच्या अंगठीमुळे. आणि मालिकेतला सगळ्यात हळवा मानला जाणारा प्रसंग कोणता? तो एलेनाला सांगतो की माझं तुझ्यावर प्रेम आहे, माझा भाऊ तुझ्यासाठी जास्त योग्य आहे, आणि डोळ्यांत पाणी आणून ते सगळं तिच्या आठवणीतून पुसून टाकतो. मीही तेव्हा रडले होते. पण आपल्याला कुणी काय सांगितलं हे आठवण्याचा तिचा हक्क त्याने काढून घेतला, हे त्या अश्रूमागे दिसेनासं होतं.

धोका म्हणून धोका कसा लिहायचा, ते त्याआधीच 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' या टीव्ही मालिकेने दाखवलं होतं. बफी ही व्हॅम्पायर मारणारी मुलगी, आणि तिचं प्रेम बसतं ते एंजल या व्हॅम्पायरवरच. एंजलला शाप आहे: खऱ्या सुखाचा एक क्षण लाभला की त्याचा आत्मा जाईल. १९९८ मध्ये दाखवलेल्या भागांत बफीसोबतच्या रात्रीनंतर नेमकं तेच होतं आणि दुसऱ्या दिवशी तो तिच्याशी इतकं लागट बोलतो की ऐकवत नाही. पण मालिका त्याला माफीच्या पाटावर बसवत नाही. सीझनच्या शेवटी त्याचा आत्मा परत येतो, आणि जग वाचवायला त्याच घडीला बफीला त्याच्या छातीत तलवार खुपसावी लागते. पुढे २००२ मध्ये स्पाइक हा दुसरा व्हॅम्पायर तिच्यावर बळजबरी करू बघतो, तेव्हा मालिका त्याला गुन्हाच म्हणते. स्वतः स्पाइकही.

भाचीला मी सध्या कॅसँड्रा क्लेअरच्या 'इन्फर्नल डिव्हायसेस' मालिकेतली तीन पुस्तकं दिली आहेत. लंडन, १८७८. विल तुसडा, उर्मट, तोंडाला येईल ते बोलणारा, म्हणजे दिसायला पक्का बॅड बॉय. पण बारा वर्षांचा असताना एका राक्षसाने त्याला सांगितलेलं असतं, की तुझ्यावर जो प्रेम करील तो मरेल. म्हणून तो मुद्दाम असं वागतो, कुणी जीव लावू नये म्हणून. दुसऱ्या पुस्तकात कळतं की शाप खोटाच होता. माझी कसोटी लावली तर इथे काहीच उरत नाही. तो धावत नायिकेकडे, टेसाकडे, मन मोकळं करायला जातो, आणि ती सांगते की जेमशी तिचं लग्न ठरलंय. जेम हा विलचा जिवाभावाचा मित्र, शपथेने बांधलेला, आणि आजारी. विल गप्प राहतो. बहुतेक त्रिकोणांत ही तिसरी बाजू, त्या दोन मुलांमधली, कोरीच असते किंवा नुसत्या वैराची असते. इथे ती पहिल्या दोन बाजूंइतकीच भरलेली आहे आणि टेसाला तिचं वजन कळतं.

काल रात्री साडेअकराला भाचीचा मेसेज आला. दुसरं पुस्तक संपलं होतं. "मावशी, दोघांपैकी कुणीच वाईट नाहीये. मग आता मी चिडू कुणावर?"