नियम ठेवायचा कुठे?

धंद्याचा नियम बदलला की प्रत्येक वेळी प्रोग्रामरच्या मागे लागावं लागू नये, ही इच्छा कोबोल या प्रोग्रामिंग भाषेइतकी जुनी आहे. १९५९ मध्ये या भाषेची जुळवाजुळव सुरू झाली तेव्हा तिची वाक्यं साध्या इंग्रजीसारखी ठेवली गेली. हेतू हा की कोड प्रोग्रामर नसलेल्यालाही वाचता यावा. वाचता आलाही असेल, पण हजारो ओळींत विखुरलेला नियम आधी सापडायला तर हवा!

त्याच सुमारास निर्णय-तक्ते आले. वर अटी, खाली कृती, प्रत्येक उभा रकाना म्हणजे एक नियम. समजा दोन अटी आहेत: ग्राहक जुना आहे का, थकबाकी आहे का. हो-नाहीचे चार रकाने होतात. ‘जुना ग्राहक, पण थकबाकी आहे’ हा रकाना कोरा राहिला तर लगेच डोळ्यांत भरतो. प्रोग्राममधल्या एकात एक अडकलेल्या इफ-एल्समध्ये (‘असेल तर हे, नाहीतर ते’) तोच खड्डा बिल चुकल्यावर कळतो.

१९७२ मध्ये संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी प्रश्नच फिरवला. कामाच्या पायऱ्यांप्रमाणे प्रोग्रामचे तुकडे पाडू नका. जे निर्णय बदलण्याची शक्यता आहे, त्यातला एकेक एकेका मॉड्यूलच्या, म्हणजे प्रोग्रामच्या स्वतंत्र तुकड्याच्या, पोटात लपवा. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच. फक्त काय बदलणार हे आधी ओळखावं लागतं, आणि घोडं तिथेच अडतं.

दुसरी वाट एक्सकॉनची. डीईसी कंपनीच्या व्हॅक्स संगणकाच्या ऑर्डरमध्ये कोणता भाग कशाला जोडायचा, कुठली केबल राहून गेली, हे ठरवणारी ही प्रणाली जॉन मॅकडर्मट यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात १९७८ पासून उभी केली. ‘असं असेल तर तसं कर’ या धाटणीचे सुटे नियम लिहायचे, कोणता कधी लावायचा ते इंजिन, म्हणजे नियम चालवणारा प्रोग्राम, बघेल. सुरुवातीला काम झकास चाललं. नियम हजारांत गेले तेव्हा मात्र नवा नियम कोणत्या जुन्या नियमाच्या पायात येईल, हे सांगणं अवघड झालं. शेवटी ते शिस्तीत लिहिण्यासाठी डीईसीला वेगळी पद्धत बसवावी लागली. कोड गेला, पण गुंता राहिला.

२००० नंतर ड्रूल्स, जेरूल्स यांसारख्या इंजिनांनी तेच स्वप्न पुन्हा विकलं: नियम धंद्यातली माणसंच बदलतील. बऱ्याच ठिकाणी बदलले प्रोग्रामरनीच, कारण चाचणी तेच करत होते. २०१५ मध्ये डीएमएन या निर्णय लिहून ठेवण्याच्या मानकाने तक्ता परत आणला. आता एकाच वेळी दोन ओळी लागू झाल्या तर कोणती धरायची, हेही तक्त्याच्या कोपऱ्यातल्या एका अक्षरात लिहितात.

नियम कधीपासून लागू, या तारखेकडे मात्र बराच काळ फार थोड्यांनी नीट पाहिलं. मार्चमध्ये बिल झालं, एप्रिलपासून दर बदलला, मे महिन्यात माल परत आला. सेटिंगमध्ये दराचा एकच रकाना असेल तर परतावा चुकतो, कारण जुना दर पुसून नवा लिहिलेला असतो. त्यासाठी दरासोबत ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ ठेवावं लागतं; एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या मानकात अशा कालावधींना २०११ मध्ये जागा मिळाली. आणि दरबदल जूनमध्ये जाहीर होऊन एप्रिलपासून लागू झाला, तर चार तारखा लागतात: दर कधीपासून कधीपर्यंत लागू होता, आणि आपल्या नोंदीत तो कधीपासून कधीपर्यंत खरा धरला होता.