एर्नेस्टो होस्टची लो किक कुठून आली, कुठे पोचली

डावा जॅब, उजवा क्रॉस, डावा हुक असे तीन ठोसे आणि लगेच उजवी लो किक, म्हणजे मांडीवर मारलेली लाथ. किकबॉक्सिंग शिकणाऱ्याकडून ही साखळी आज जगभर घोटून घेतली जाते आणि तिला ‘डच स्टाइल’ म्हणतात. ती सगळ्यांत नेटकी कुणी वापरली असं विचारलं, तर माझं उत्तर ठरलेलं आहे : नेदरलँड्सचा किकबॉक्सर एर्नेस्टो होस्ट.

डच म्हणवणाऱ्या या शैलीचं मूळ मात्र जपानात आहे. क्योकुशिन कराटेतले कडक शिस्तीचे गुरू केनजी कुरोसाकी यांनी टोकियोत मेजिरो जिम चालवलं. त्यांच्या हाताखाली शिकून आलेल्या यान प्लास यांनी १९७८ मध्ये अॅमस्टरडॅममध्ये त्याच नावाची तालीम उघडली. टॉम हारिंक यांची चाकुरिकी ही तालीम त्याआधीपासून त्याच शहरात होती. कराटे आणि थाई बॉक्सिंगच्या लाथांना डच मुलांनी पाश्चात्त्य बॉक्सिंगच्या ठोशांची जोड दिली. १९६५ मध्ये होर्न इथे जन्मलेला, सुरिनामी वंशाचा होस्ट या वातावरणात घडला. पुढे योहान व्होस त्याचे प्रशिक्षक झाले. सावात या फ्रेंच किकबॉक्सिंगमध्येही त्याने जेतेपदं मिळवली.

त्याच्या लाथेतलं मर्म समजून घेण्यासारखं आहे. डावा हुक अडवताना प्रतिस्पर्ध्याचे हात वर जातात आणि अंगाचा भार पुढच्या पायावर येतो. भार पडलेला पाय पटकन उचलता येत नाही, म्हणजे लाथ अडवताही येत नाही. नेमक्या त्या क्षणी होस्टची नडगी त्याच मांडीवर बसायची. म्हणजे ठोसा नुसता मारण्यासाठी नसायचा, लाथेला वाट करून देण्यासाठीही असायचा. ‘मिस्टर परफेक्ट’ हे टोपणनाव त्याला उगाच मिळालं नाही.

१९९३ मध्ये जपानात के-वन ग्रां प्री ही किकबॉक्सिंगची स्पर्धा सुरू झाली. एकाच रात्री तीन लढती जिंकणारा विजेता. पहिल्याच वर्षी होस्ट अंतिम फेरीत पोचला आणि क्रोएशियाच्या ब्रांको सिकाटिचने त्याला त्या लढतीच्या पहिल्याच राउंडमध्ये झोपवलं. जेतेपदासाठी त्याला १९९७ पर्यंत थांबावं लागलं. त्या वर्षी अंतिम फेरीत त्याने अँडी हूगला हरवलं. त्यानंतर १९९९ आणि २००० चं विजेतेपदही त्याचंच.

चौथ्या जेतेपदाची, २००२ ची, कथा वेगळीच आहे. अमेरिकन फुटबॉलमधून आलेल्या, दीडशे किलोंहून जड बॉब सॅपने ऑक्टोबरमध्ये त्याला हरवून स्पर्धेबाहेर काढलं होतं. डिसेंबरमध्ये सेमी शिल्ट जखमी असल्याने होस्टला बदली म्हणून बोलावलं, आणि उपांत्यपूर्व फेरीत समोर पुन्हा सॅपच! पुन्हा हार. पण सॅपचा हात दुखावला, त्याला पुढे खेळता येईना, आणि नियमानुसार होस्ट उपांत्य फेरीत गेला. तिथे रे सेफोला आणि अंतिम फेरीत जेरोम ले बॅनरला हरवून तो विजेता झाला. ले बॅनरचा लाथा अडवणारा हात त्या लढतीत मोडला. या जेतेपदाला नशिबाचं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. सॅपचा इतका मार खाऊन त्याच रात्री ले बॅनरसमोर उभं राहणं हे नशिबाचं काम नव्हे.

डिसेंबर २००६ मध्ये त्याने ग्रां प्रीचा निरोप घेतला, पण त्याचं शिकवणं त्याआधीच सुरू झालं होतं. ताकदीवर जिंकणाऱ्याला आपली विद्या दुसऱ्याला देणं अवघड जातं, कारण ताकद उसनी देता येत नाही. होस्टची विद्या अंतराची, वेळेची आणि क्रमाची होती, म्हणून ती पाठ करता येते, घोटता येते. रशियाचा फेडोर एमेलियानेन्को मुळात सांबो (रशियन कुस्तीचा प्रकार) आणि जुडोचा खेळाडू. क्रोएशियाच्या मिर्को क्रोकॉपशी मिश्र मार्शल आर्ट्समध्ये लढायची वेळ आली तेव्हा उभ्याने लढण्याचे धडे घ्यायला तो नेदरलँड्समध्ये होस्टकडे गेला. निवड अचूक होती : १९९९ च्या अंतिम फेरीत होस्टने हरवलं होतं ते याच क्रोकॉपला. ऑगस्ट २००५ मध्ये फेडोर त्या धोकादायक लाथांसमोर मागे न हटता पुढे चालत राहिला आणि पंचांच्या निर्णयावर जिंकला.