वेब डेटा एपीआयमधून संबंधित नोंदी मिळवणे

वेब डेटा एपीआयकडून, म्हणजे एका प्रोग्रॅमला दुसऱ्याकडून वेबवरून माहिती मागता यावी यासाठी ठेवलेल्या दारातून, एखादी नोंद मागताना तिला जोडलेल्या दुसऱ्या नोंदीही सोबत किंवा पाठोपाठ आणण्याची पद्धत. स्थानक मागितले की त्याचे फलाट, मार्ग मागितला की त्यावरची स्थानके, तक्रार मागितली की ती करणारा प्रवासी, असे तिचे स्वरूप असते. माहिती वेगवेगळ्या तक्त्यांत ठेवून किल्लीने (नोंद ओळखणाऱ्या मूल्याने) जोडण्याची रीत एडगर कॉड यांनी 1970 साली मांडलेल्या संबंधात्मक प्रारूपातून आली. डेटाबेसच्या आत ही जोडणी एका जॉइनने, म्हणजे तक्ते सांधणाऱ्या एका आज्ञेने होते. वेबवर मध्ये नेटवर्क येते, आणि मग हेलपाटे (विनंती जाऊन उत्तर येणे) किती आणि प्रत्येक हेलपाट्यात ओझे किती, हा मुख्य हिशोब होऊन बसतो.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेचे उदाहरण घेतल्यास हिशोब लगेच कळतो. चर्चगेट ते विरार 29 स्थानके आहेत. स्थानकांची यादी एका विनंतीत येते. त्यानंतर प्रत्येकाचे फलाट आणायला लूप लावला की आणखी 29 विनंत्या, एकूण 30. एका हेलपाट्याला 150 मिलिसेकंद धरले आणि विनंत्या एकामागून एक गेल्या, तर साडेचार सेकंद जातात. यालाच ‘एन अधिक एक’ दोष म्हणतात. ऑफिसच्या वायफायवर, सर्व्हर हाताशी असताना तो जाणवत नाही. गर्दीच्या लोकलमध्ये मोबाइलची रेंज येत-जात असताना जाणवतो. एचटीटीपी 2 (वेबवरच्या देवाणघेवाणीच्या नियमांची दुसरी आवृत्ती) मुळे विनंत्या एकाच जोडणीवरून समांतर जातात व वेळ आटोक्यात येतो, पण सर्व्हरवर पडणाऱ्या विनंत्या 30 च राहतात. विनंत्यांची मर्यादा मोजतानाही त्या 30 च धरल्या जातात. मर्यादा ओलांडली की 429 हा स्टेटस कोड येतो. अशा वेळी उत्तरासोबत रिट्राय-आफ्टर हेडर (किती वेळाने पुन्हा यावे ही सूचना) असेल तर त्यात दिलेला वेळ थांबावे, लगेच पुन्हा धडका मारू नयेत.

हेलपाटे वाचवण्याच्या तीन रीती रूढ आहेत. मायक्रोसॉफ्टने सुरू केलेल्या आणि आवृत्ती 4 पासून (2014) ओएसिस या मानके ठरवणाऱ्या संस्थेचे मानक असलेल्या ओडेटा या एपीआय-पद्धतीत जोडलेल्या नोंदी मागवणारा एक्स्पांड हा पर्याय असतो. सिलेक्टने हवे तेवढे रकाने निवडतात, टॉपने पहिल्या ठरावीक नोंदी. वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिल्यास विनंती अशी दिसते:

/स्थानके?$सिलेक्ट=नाव&$एक्स्पांड=फलाट($सिलेक्ट=क्रमांक,लांबी;$टॉप=20)

कंसाबाहेरचे पर्याय अँड चिन्हाने जोडतात, कंसातले अर्धविरामाने. कंसात चुकून अँड चिन्ह पडले की विनंतीचा पत्ता तिथेच तुटतो आणि कंस बंद न झाल्याची त्रुटी येते. कंसात सिलेक्ट द्यायलाच हवा. नाहीतर जोडलेल्या नोंदीचे सगळे रकाने येतात आणि वाचवलेला वेळ तो डेटा डाउनलोड करण्यात जातो.

जेसन एपीआयची (आवृत्ती 1.0, 2015) धाटणी वेगळी. त्यात इन्क्लूड हा पर्याय दिल्यावर जोडलेल्या नोंदी मूळ नोंदीच्या पोटात न बसता ‘इन्क्लूडेड’ नावाच्या वेगळ्या यादीत येतात, आणि प्रकार व ओळखक्रमांक यांच्या एका जोडीची पूर्ण नोंद उत्तरात एकदाच येते. कुर्ला मध्य आणि हार्बर दोन्ही मार्गांवर असले तरी त्याची नोंद एकदाच. सांधण्याचे काम मागणाऱ्याकडे राहते. ते हाताने करणे कंटाळवाणे आहे. त्यासाठी तयार लायब्ररी वापरणे बरे.

फेसबुकमध्ये 2012 साली सुरू झालेल्या आणि 2015 मध्ये खुल्या झालेल्या ग्राफक्यूएलमध्ये उत्तराचा साचा मागणाराच लिहितो. याने ‘एन अधिक एक’ संपतो असा समज आहे. तो संपत नाही, सर्व्हरमध्ये शिरतो. प्रत्येक स्थानकासाठी फलाटांचा रिझॉल्व्हर (ती माहिती आणणारा कोड) डेटाबेसला स्वतंत्र क्वेरी, म्हणजे प्रश्न, टाकतो. डेटालोडरसारख्या साधनाने किल्ल्या गोळा करून एकच क्वेरी करावी लागते.

गाळणी (नोंदी निवडण्याची अट) कोणाला लागते, याबाबत सर्वाधिक चुका होतात. एक्स्पांडच्या कंसात ‘लिफ्ट बंद’ अशी गाळणी लावली, तर उत्तरात सगळी स्थानके येतात. फक्त लिफ्टच्या यादीत बंद लिफ्ट तेवढ्या उरतात आणि बाकी ठिकाणी यादी रिकामी. उलट, कंसाबाहेर ‘किमान एक लिफ्ट बंद’ अशी एनीची अट घातली, तर स्थानके गाळली जातात, पण त्यांच्या चालू लिफ्टही सोबत येतात. बंद लिफ्ट असलेली स्थानके आणि त्यांच्या फक्त बंद लिफ्ट हव्या असतील, तर तीच अट दोन्ही ठिकाणी लिहावी लागते. ऑल या क्रियेचा सापळा याहून वाईट. ‘सर्व लिफ्ट चालू’ असे विचारले की जिथे लिफ्टच नाही ती स्थानकेही उत्तरात येतात, कारण रिकाम्या यादीवर ऑल नेहमी खरे ठरते. म्हणून ऑलसोबत ‘किमान एक आहे’ ही अट जोडावी.

पानांची गोष्ट तशीच. मूळ यादीला पुढच्या पानाचा दुवा असतो हे बहुतेकांना माहीत असते. पोटातल्या यादीलाही स्वतःचा दुवा असू शकतो, हे विसरले जाते. दादरच्या फेऱ्या मागितल्या, पहिल्या पानात बसल्या तेवढ्या आल्या, कोडने त्याच सगळ्या मानल्या. त्रुटी कुठेच नाही, बेरीज मात्र चुकीची. दुवा आला तसाच वापरावा, त्यातून पानाचा क्रमांक काढून स्वतः पत्ता जुळवू नये.

एकाच स्थानकाच्या दोन मोठ्या याद्या एकाच जॉइनमधून आणल्या की गुणाकार होतो: 200 फेऱ्या आणि 40 तक्रारी म्हणजे डेटाबेसमधून 8,000 ओळी, प्रत्यक्ष माहिती 240 नोंदींची. अशा वेळी दोन स्वतंत्र क्वेरीच स्वस्त. स्थानकातून मार्ग, मार्गातून स्थानके, पुन्हा मार्ग असे चक्र होऊ नये म्हणून एकात एक किती पातळ्या मागता येतील, यावर सर्व्हरने मर्यादा घालावी.

किल्ली कशाची असावी, यावर मुंबईइतका चांगला धडा क्वचित मिळेल. व्हिक्टोरिया टर्मिनस 1996 मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले, 2017 मध्ये नावात ‘महाराज’ आले. एल्फिन्स्टन रोडचे 2018 मध्ये प्रभादेवी झाले. प्रवाशांच्या लेखी दादर एक आहे, रेल्वेच्या लेखी दोन: मध्यचे डीआर, पश्चिमचे डीडीआर. तिथल्या मध्य रेल्वेच्या फलाटांना डिसेंबर 2023 मध्ये 8 पासून पुढचे क्रमांक मिळाले. नाव किंवा फलाट क्रमांक यांवर जोडणी ठेवणारी प्रणाली प्रत्येक वेळी मोडते; अर्थहीन, कधीही न बदलणारा ओळखक्रमांक टिकतो. स्थानक आणि मार्ग यांचे नाते अनेकांचे अनेकांशी असल्याने मध्ये ‘थांबा’ ही वेगळी नोंद लागते. मार्गावरचा अनुक्रम आणि अंतर तिच्यातच राहतात.

मराठी नावांवर जुळवणी करण्यात आणखी एक अडचण आहे. ‘गोऱ्हे’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो, एकदा ऱ या अक्षराने आणि एकदा साध्या र नंतर अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे, आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही ते एक होत नाहीत. शिवाय विनंतीच्या पत्त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह एन्कोड होऊन 9 अक्षरांचे बनते. ‘दादर’चीच 36 होतात. आयआयएस या मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरवर पत्त्यातल्या प्रश्नचिन्हापुढच्या मजकुराची मूळ मर्यादा 2,048 अक्षरांची असते. 36 अक्षरांचे ओळखक्रमांक स्वल्पविरामाने जोडले तरी त्यात पन्नासेकच मावतात. यादी मोठी असेल तर तिचे तुकडे करावेत किंवा बॅच विनंती (अनेक विनंत्या एकत्र पाठवणारी) वापरावी.

जोडलेली नोंद रिकामी आली म्हणजे ती नाहीच, असेही नाही. मागणाऱ्याला ती पाहण्याचा अधिकार नसला तरी अनेक प्रणाली त्रुटी न देता रिकामी जागा पाठवतात. मूळ नोंदीतला परकीय किल्लीचा (जोडलेल्या नोंदीची ओळख ठेवणारा) रकाना सोबत मागून पाहावा: किल्ली भरलेली आणि नोंद रिकामी असेल, तर आधी खात्याचे अधिकार तपासावेत, मग ती नोंद मधल्या काळात पुसली गेली आहे का ते.