लार्ज फॉरमॅट छपाईचा कागद

लार्ज फॉरमॅट छपाईचा कागद म्हणजे प्लॉटरवर (मोठी ड्रॉइंग काढणाऱ्या यंत्रावर) किंवा रुंद इंकजेट प्रिंटरवर चालणारा, बहुतेक वेळा रोलमध्ये येणारा मोठ्या मापाचा कागद. ड्रॉइंग, नकाशे, पोस्टर, फोटो, चित्रांच्या प्रती हे त्याचे उपयोग सगळ्यांना माहीत आहेत म्हणून त्यावर इथं वेगळं लिहीत नाही. 'लार्ज' नेमकं कुठून सुरू होतं यावर मात्र एकमत नाही. काही जण ए३ च्या पुढचं सगळंच यात घालतात, काही १७ इंचांपासून धरतात, आणि 'वाइड' नि 'लार्ज' हे दोन शब्द तर सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. या नोंदीत २४ इंच रुंदी ही हद्द मानली आहे, कारण साधारण तिथून पुढं सुटे कागद मागं पडतात नि रोल सुरू होतो, आणि रोल आला की कागदाचं वागणंच बदलतं.

मापं कुठून आली

मोठा कागद ही प्रिंटरमुळं आलेली गोष्ट नाही. इटलीत बोलोन्याला एक दगडी शिळा आहे, साधारण चौदाव्या शतकाच्या अखेरची मानतात, तिच्यावर कागदाच्या चार मापांचे आयत कोरलेत, की कागद करणाऱ्यांनी ह्याच मापात करायचा. त्यातलं सगळ्यात मोठं माप जवळपास ७४ × ५० सेंमी, म्हणजे आजच्या ए२ पेक्षा मोठं पण ए१ पेक्षा लहान. याहून मोठा ताव सहसा का होत नव्हता याचं कारण साधं आहे. लगद्यात साचा बुडवायचा, पाण्यासकट दोन्ही हातांनी उचलायचा नि हलवून लगदा सारखा पसरायचा, त्यामुळं माणसाच्या हाताचा पल्ला नि कंबरेचा जोर हीच कागदाची कमाल मर्यादा होती. ती मोडली इंग्लंडच्या जेम्स व्हॉटमनने, १७७० च्या दशकाच्या सुरुवातीला. साचा हातांनी न उचलता यंत्राच्या जोरावर उचलायची सोय केली नि 'अँटिक्वेरियन' नावाचा ३१ × ५३ इंची ताव काढला. गंमत म्हणजे क्षेत्रफळात हा आजच्या ए० पेक्षा किंचित जास्तच भरतो.

ए मालिकेतलं लांबी-रुंदीचं गुणोत्तर, म्हणजे १ ला वर्गमूळ २, याच्या उगमाबद्दल बरंच लिहिलं गेलंय. कागद मधोमध दुमडला की अर्ध्या तुकड्याचं गुणोत्तर तेच राहतं, हा त्याचा गुण. सहसा श्रेय जातं जर्मन शास्त्रज्ञ लिख्टेनबर्गला, त्याने १७८६ मध्ये योहान बेकमनला लिहिलेल्या पत्रात हे मांडलं म्हणून. पण त्याच पत्रात तो असंही सांगतो की कात्री घेऊन कागद या मापात कापायला गेलो तर नेहमीचा लिहायचा कागद आधीपासून तसाच निघाला. तेव्हा शोध त्याचा म्हणण्यापेक्षा गणित त्याचं नि माप आधीच्या कागदवाल्यांचं, असं म्हणणं जास्त पटतं (बोलोन्याच्या शिळेवरचं सगळ्यात लहान मापही या गुणोत्तराच्या अगदी जवळ आहे, पण ते मुद्दाम की योगायोगाने यावर जोर देण्यात अर्थ नाही). पुढं १७९८ च्या फ्रेंच मुद्रांक कायद्यात आजच्या ए२, ए३ शी जुळणारी मापं दिसतात, मग ती विस्मरणात गेली, आणि वॉल्टर पोर्स्टमनने तीच कल्पना १९२२ मध्ये जर्मन मानक डीआयएन ४७६ मध्ये आणली. १९७५ मध्ये त्याचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २१६ झालं. ए० म्हणजे ८४१ × ११८९ मिमी, जवळपास एक चौरस मीटर, म्हणून ८० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ८० ग्रॅमचा) ए० ताव ८० ग्रॅमच भरतो.

रोलची गोष्ट वेगळी. लुई-निकोला रोबेरला फ्रान्समध्ये १७९९ मध्ये सलग कागद काढणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळालं, पुढं इंग्लंडमध्ये फोर्ड्रिनियर बंधूंनी ते वाढवलं, आणि कागदाच्या लांबीला मर्यादाच उरली नाही. रुंदी उरली. आज प्लॉटरचे रोल २४, ३६, ४२, ४४ नि ६० इंचांत येतात, आणि इथं दोन पद्धतींची सरमिसळ दिसते. ३६ इंच म्हणजे ९१४ मिमी, त्यात ए० ची ८४१ बाजू आडवी बसते आणि ७३ मिमी कडेला वाया जातात, पण अमेरिकी आर्किटेक्टांचा ३६ × ४८ इंची ताव मात्र त्यात अचूक बसतो. म्हणून ३६ इंच हे फूट-यार्डाच्या हिशोबातून आलेलं माप असावं, ए० त्यात नंतर येऊन बसला. २४ इंच (६१० मिमी) नि ए१ (५९४) यांचं जरा बरं जमतं, फक्त १६ मिमी उरतात. ५० मीटरच्या ३६ इंची रोलमध्ये ए० चे ४२ ताव निघतात, ए१ आडवे टाकले तर ८४, सुरुवातीचं टोक वाया जातं ते धरलं तर एक-दोन कमी.

जीएसएम सांगतो ते आणि सांगत नाही ते

कागद निवडताना पहिला प्रश्न 'किती जीएसएम' हाच असतो आणि बहुतेक वेळा तो चुकीचा प्रश्न असतो. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन, बस. त्यावरून जाडी नक्की कळत नाही (ती मायक्रॉनमध्ये किंवा मिलमध्ये मोजतात, १ मिल म्हणजे २५.४ मायक्रॉन), आरपार दिसेल का कळत नाही, आणि शाई कशी बसेल हे तर अजिबातच कळत नाही. शाई कशी बसेल ते कोटिंग ठरवतं.

साध्या बाँड पेपरवर, म्हणजे ७५-९० जीएसएमच्या बिनकोटिंगच्या कागदावर, शाईचा थेंब पडला की तो तंतूंमधून धावतो. भिंग लावून पाहिलं तर काळ्या रेघेच्या कडेला केसासारखे फाटे फुटलेले दिसतात, यालाच आपण शाई फुटली म्हणतो. रेघांच्या ड्रॉइंगला हे चालून जातं आणि खरं तर चालवूनच घ्यावं, साइटवर धुळीत पडणाऱ्या, दोनदा दुमडून खिशात जाणाऱ्या प्रिंटसाठी भारी कागद कशाला. पण त्याच बाँडवर पूर्ण पानभर गडद रंग टाकला तर कागद ओला होऊन नागमोडी होतो. कोटेड कागदावर, अगदी ९० जीएसएमच्या सुद्धा, थेंब जागच्या जागी थांबतो, रंग उजळ दिसतो, आणि म्हणूनच ९० चा कोटेड रंगाच्या कामात १२० च्या साध्या कागदाला भारी पडतो.

फोटोच्या कागदांत दोन जातीचं कोटिंग असतं. एक फुगणारं, जिलेटिन किंवा पीव्हीएसारख्या पॉलिमरचं, ते शाई आत घेऊन वरून मिटतं, त्यामुळं रंग हवेपासून वाचतात पण वाळायला वेळ लागतो नि ओला हात लागला तर चिकटतं. दुसरं मायक्रोपोरस, सिलिका किंवा ॲल्युमिनाचे बारीक कण आणि त्यांच्यातल्या सूक्ष्म पोकळ्या, शाई क्षणात आत जाते नि प्रिंट हातात येतो तेव्हाच वाळलेला वाटतो. पण त्या पोकळ्या उघड्याच राहतात, त्यातून ओझोन आत शिरतो, आणि डाय शाई (रंग विरघळलेली) असेल तर रंग उडायला ऊनही लागत नाही, नुसती वाहती हवा पुरते. पिग्मेंट शाईत रंगाचे कण विरघळलेले नसतात, पृष्ठभागाजवळ बसतात, त्यामुळं टिकाऊपणात ती पुढं, पण ग्लॉसी कागदावर तिरक्या उजेडात तिची चमक कमीजास्त दिसते. मॅट कागदाला मॅट काळी शाई आणि ग्लॉसीला फोटो काळी, हे उलटं झालं की मॅटवर काळा राखाडी दिसतो आणि ग्लॉसीवर तो बोटाला लागतो.

आरसी (रेझिन-कोटेड) कागदात मूळ कागदाच्या दोन्ही बाजूंना पॉलिएथिलीनचा थर असतो, त्यामुळं पाणी तंतूंपर्यंत पोचतच नाही नि कागद सपाट राहतो. बरायटामध्ये बेरियम सल्फेटचा थर, हा जुन्या डार्करूमच्या कागदातून आलेला. कॉटन रॅग कागद सुती तंतूंचा, महाग आणि मऊ, आणि त्याच्या पृष्ठभागावरून बारीक धूळ सुटते, ती तशीच राहून वर छपाई झाली तर नंतर कण निघून पांढरा ठिपका उरतो. म्हणून छापण्याआधी मऊ ब्रश फिरवतात. चित्रांच्या अशा प्रतींना 'जिक्ले' म्हणायची पद्धत कॅलिफोर्नियातली, १९९१ च्या सुमारास जॅक ड्यूगॅनने हा शब्द फवारा या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून काढला, तेव्हा यंत्र आयरिस कंपनीचं होतं, जे मुळात छापखान्याच्या प्रूफसाठी बनवलेलं. शब्द भारदस्त आहे पण तो कागदाबद्दल काहीच सांगत नाही, विकत घेणाऱ्याने तंतू आणि शाई कोणती हेच विचारावं.

कागद किती पांढरा हाही असाच फसवा आकडा. सीआयई व्हाइटनेस (शुभ्रतेचं माप) १०० च्या वर गेला म्हणजे सहसा त्यात ऑप्टिकल ब्राइटनर आहेत, ते अतिनील किरण शोषून निळसर उजेड परत टाकतात म्हणून कागद लख्ख दिसतो. अतिनील अडवणाऱ्या काचेआड तोच कागद पिवळट वाटतो, आणि काही वर्षांनी ब्राइटनर दमले की तो खरोखरच पिवळट होतो. टिकाऊ कागदासाठी आयएसओ ९७०६ हे मानक आहे, पीएच ७.५ ते १० आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात किमान २ टक्के अल्कली साठा. पण ते मूळ कागदापुरतं, वरच्या शाईची हमी त्यात नाही, हे पाकिटावर कुणी ठळक लिहीत नाही.

सादळणं, ताणणं, वळणं

कागद हवेतला दमटपणा घेतो नि सोडतो, आणि तंतू लांबीला फारसे वाढत नाहीत, जाडीला फुगतात. यंत्रावर कागद बनताना बहुतेक तंतू यंत्राच्या दिशेला निजतात, म्हणून कागद एका दिशेला कमी आणि आडवा जास्त वाढतो. रोलमध्ये ही ग्रेन (तंतूंची दिशा) लांबीच्या दिशेला असते, म्हणजे वाढ होते ती रुंदीत. ओल्या शाईने रुंदीत फुगलेल्या कागदाला जायला जागा नसते, तो मधे उभ्या सुरकुत्या धरतो, सुरकुती वर उचलली की प्रिंटरचं हेड (शाई सोडणारा भाग) तिच्यावर घासतं, आणि प्रिंटवर काळा फराटा येतो. असं झालं की हेडला दोष दिला जातो, तर बऱ्याचदा कारण सादळलेला रोल किंवा प्रिंटरमधलं चुकीचं मीडिया (कागदाच्या प्रकाराचं) सेटिंग असतं.

ड्रॉइंगवाल्यांना हे फार आधीपासून ठाऊक होतं. ब्लूप्रिंटची मूळ प्रक्रिया, सायनोटाइप, जॉन हर्शेलने १८४२ मध्ये काढली, त्यात अमोनियम फेरिक सायट्रेट नि पोटॅशियम फेरिसायनाइड लावलेला कागद उन्हात धरून पाण्यात धुवायचा. धुतलेला कागद वाळताना आकसतो, मग ड्रॉइंगवर पट्टी ठेवून माप घेतलं की चुकलं. ड्रॉइंगवरचं माप मोजू नका, लिहिलेलं घ्या, ही सूचना आजही तळाशी छापतात त्यामागं हे एक मोठं कारण. अमोनिया प्रिंटमध्ये, म्हणजे डायझोमध्ये, पाण्यात बुडवणं गेलं नि ही अडचण बरीच कमी झाली. इंकजेट प्लॉटर १९९० च्या दशकात पसरले नि त्यांच्याबरोबर पाणी परत आलं, थोडं. समजा दमट हवेत ए० नकाशाची ८४१ मिमीची बाजू ०.२ टक्के वाढली, तर ती वाढ जवळपास १.७ मिमी झाली, आणि १:५०० च्या नकाशावर हे जमिनीवरचे ८४ सेंमी. जिथं माप कागदावरूनच घ्यायचंय तिथं पॉलिएस्टर फिल्म वापरावी, ती जवळजवळ सादळतच नाही. ट्रेसिंग पेपर उलट टोकाला, सगळ्यात जास्त हलणारा.

चाचणीसाठी कागदाचं प्रमाणित हवामान आयएसओ १८७ प्रमाणे २३ अंश सेल्सियस आणि ५० टक्के आर्द्रता. कामाच्या खोलीत ४० ते ६० टक्क्यांत राहिलं तरी पुष्कळ. नवा रोल प्रिंटरच्या खोलीत एक दिवस तसाच पिशवीत ठेवायचा नि मग उघडायचा, आणि काम संपलं की परत पिशवीत, आडवा, कडांवर वजन न देता. रोलच्या शेवटच्या काही मीटरला जास्त वळ असतो कारण तो कोअरला (मधल्या नळीला) घट्ट लपेटलेला असतो, दोन इंची कोअरवर तो तीन इंचीपेक्षा जास्त जाणवतो, जाड कागदात तर कोपरे उचलले जाऊन हेडला लागतात. त्या भागावर कडेपर्यंत रंग असलेलं काम घेऊ नये.

कोटिंग कोणत्या बाजूला हे न कळल्यास कोपऱ्याला किंचित ओलं बोट लावून पाहायचं, जी बाजू चिकटते ती छापायची. सुटे ताव बदलताना हे विसरून उलट्या बाजूला छापलेलं काम प्रत्येकाने कधी ना कधी फेकलेलं असतं. प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात याची प्रिंटरसाठीची फाइल) कागदागणिक वेगळी, नाव सारखं असलं तरी जीएसएम बदलला की प्रोफाइल बदलते, याचा तपशील रंगव्यवस्थापनाच्या विषयात येतो.

इतर प्रकार

ब्लूबॅक कागद साधारण ११५-१२० जीएसएमचा, मागची बाजू निळी, जुन्या पोस्टरवर नवं चिकटवलं तर खालचं दिसू नये म्हणून. सॉल्व्हंट, लेटेक्स नि यूव्ही शाईंना इंकजेटचं शोषून घेणारं कोटिंग लागत नाही, त्यांचे कागद वेगळे निघतात आणि व्हिनाइल, फ्लेक्स हे तर कागदच नव्हेत. बॅकलिट फिल्म मागून उजेड देण्यासाठी.

फ्रेम करायच्या प्रिंटला निदान एक दिवस मोकळी हवा द्यावी लागते, आरसी कागदाला तर जास्तच. शाईतले ग्लायकॉलसारखे सावकाश उडणारे घटक कोटिंगमध्ये अडकून राहतात, घाईत काच लावली तर काही दिवसांत काचेच्या आतल्या बाजूला पातळ धुकट थर दिसायला लागतो, प्रिंटवर साधा कोरा कागद रात्रभर पालथा टाकून ठेवला की यातलं बरंचसं तो ओढून घेतो.