मानेच्या मणक्याचा क्षय: गोळ्या कधी पुरतात, शस्त्रक्रिया कधी लागते

उसाच्या मोळ्या डोक्यावरून ट्रॉलीत चढवणाऱ्याची मान दुखली, तर ओझ्याचंच कारण निघतं, आणि बहुतेकदा ते खरंही असतं. पण दुखणं महिनाभर हटेना, रात्री वाढतं, संध्याकाळी कसकस, वजन घटलेलं आणि घास गिळताना अडकतो, तर मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावी. घास अडकतो तो घशामागे साठलेल्या पुवामुळे. खोकला असेलच असं नाही.

सदऱ्याची बटणं लागेनात, पायातून चप्पल निसटते, चाल ताठरते, लघवी तुंबते, ही मज्जारज्जू, म्हणजे मणक्यांच्या आतून जाणारा नसांचा जुडगा, दबल्याची लक्षणं. अशा वेळी तालमीत किंवा सलूनमध्ये मान मोडून घेणं म्हणजे पोखरलेला मणका मज्जारज्जूवर ढकलणं. दाब नुसत्या पुवाचा आणि सुजेचा असेल तर तो गोळ्यांनी ओसरू शकतो. मेलेल्या हाडाचा तुकडा किंवा वाकलेला मणका रुतला असेल, तर गोळ्या तो हलवू शकत नाहीत. पुढचे सगळे निर्णय या फरकावर ठरतात, म्हणून एमआरआय लागतोच, आणि तोही पूर्ण मणक्याचा, कारण दुसरीकडे लपलेला क्षय नजरेतून सुटू शकतो.

शक्यतो औषधाआधी सुईने नमुना घ्यावा. सीबीनॅट ही क्षयाच्या जंतूंची जनुकं शोधणारी चाचणी, रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला दाद न देणारे जंतूही ओळखते. हाडात जंतू थोडे असतात, त्यामुळे ती निगेटिव्ह आली म्हणून क्षय नाही असं होत नाही. कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहणं) आणि पेशीतपासणीही करावी. गोठ्यात राबणाऱ्यांत ब्रुसेला या जनावरांकडून येणाऱ्या जंतूचा संसर्गही मणका असाच पोखरतो.

सरकारी दवाखान्यात, म्हणजे कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयातही, औषधं मोफत मिळतात. दोन महिने चार औषधं, पुढे दहा महिने तीन. गरजेनुसार मुदत वाढते. ५० ते ६४ किलो वजनाला रोज चार एकत्रित गोळ्या, उपाशीपोटी. लघवी केशरी होते, त्याला घाबरू नये. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात किंवा नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी दाखवावं. दुखणं थांबलं म्हणून तिसऱ्या महिन्यात गोळ्या सोडणारे पुष्कळ. मग जंतू औषधाला जुमानत नाहीत. कडक कॉलर डॉक्टर सांगतील तोवर, झोपतानाही ठेवावी.

ताकद घटत चालली, श्वास अडतोय, मणका डळमळीत आहे किंवा तीन-चार आठवड्यांच्या औषधांनी फरक नाही, तर शस्त्रक्रिया करतात. सहसा मानेच्या पुढून जाऊन पू आणि मेलेलं हाड काढतात, पोकळीत कमरेचं हाड किंवा टायटॅनियमची जाळी बसवतात, वर पट्टी स्क्रूने घट्ट करतात. त्यानंतरही गोळ्यांचा कोर्स पूर्णच करायचा. शेवटच्या एमआरआयमध्ये मणक्यात आजाराच्या खुणा अजून दिसल्या, तरी रुग्ण बरा असेल तर एवढ्यावरून औषध वाढवत नाहीत.